कोडिंग येत नाही, पण धंदा ऑनलाइन न्यायचाय: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात नो-कोडबद्दल चार ओळी छापल्या होत्या. नो-कोड म्हणजे प्रोग्रामिंग न शिकता, तयार खाने, बटणं आणि याद्या एकमेकांना जोडून ॲप, वेबसाइट किंवा हिशोबाची सोय उभी करायची. त्यावर वाशिमपासून चंद्रपूरपर्यंतची पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले आणि जवळपास सगळ्यांनी एकच विचारलंय, कोणतं टूल घेऊ. मी आधी तुम्हालाच विचारतो, आज तुमच्या वहीत तुम्ही काय लिहिता आणि ते लिहिताना कुठं अडतं? टूल तिथंच लावायचं असतं. पाच पत्रं घेतलीत. काहींची उत्तरं लांबली आहेत, पण त्या प्रश्नांत दमच तेवढा होता.

प्रश्न: माह्याकडे दोन ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र अन् थ्रेशर आहे. आजूबाजूच्या सात-आठ गावात भाड्यानं जाते. पोरगा म्हणते आपण ओला-उबरसारखं ॲप काढू, लोकं त्याच्यावर बुक करतीन. कोडिंग घरात कोणालेच येत नाही. नो-कोडमधी होईन का, अन् कोणतं टूल घ्याव?
ट्रॅक्टरवाले भाऊ, ता. रिसोड, जि. वाशिम

भाऊ, ॲप होईल, पण ते शेतकऱ्यासाठी काढू नका, स्वतःसाठी काढा. तुमचा गिऱ्हाईक वर्षातून तीन-चार वेळा ट्रॅक्टर बोलावतो, त्यासाठी तो वेगळं ॲप डाउनलोड करून पासवर्ड लक्षात ठेवणार नाही, तो तुम्हाला फोनच लावणार. महिंद्राने २०१६ मध्ये ट्रिंगो नावाने ट्रॅक्टर भाड्याची सेवा काढली तेव्हा ॲपसोबत फोनवरून बुकिंगची सोय ठेवावीच लागली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला जे करावं लागलं ते आपल्यालाही लागेल.

तुमची खरी अडचण मला वाटते दोन जागी असेल. एक म्हणजे पाऊस पडून वाफसा आला की सगळ्यांना पेरणी एकाच दिवशी पाहिजे असते, फोन सारखा वाजतो, कोणी आधी नंबर लावला हे डोक्यात राहत नाही आणि मग शब्दाला शब्द लागतो. दुसरी म्हणजे उधारी, जी सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर यायची असते आणि तोवर वहीचं ते पान सापडत नाही. या दोन गोष्टी सुटल्या तरी पुष्कळ झालं.

यासाठी गूगल शीट आणि ॲपशीट एवढं बस आहे. ॲपशीट हे शीटवरून मोबाईल ॲप करून देणारं टूल, २०२० च्या जानेवारीत गूगलने ते विकत घेतलं, आणि दहा जणांपर्यंत वापरून तपासायला पैसे लागत नाहीत. तुम्ही, पोरगा आणि दोन ड्रायव्हर म्हणजे चारच जण झाले.

आता शीटमध्ये खाने कसे पाडायचे ते नीट वाचा, कारण सगळी गंमत इथंच बिघडते. बहुतेक जण पहिला खाना "एकर" असा करतात. पण तुमचं रोटाव्हेटर एकराने जातं, कधी तासाने जातं, आणि थ्रेशर पोत्याने किंवा क्विंटलने, मग थ्रेशरची नोंद एकराच्या खान्यात कशी बसवणार? म्हणून "एकर" नको, "किती" असा एक खाना आणि "कशाने" असा दुसरा खाना करा, दुसऱ्यात एकर, तास, पोतं, क्विंटल अशी निवडायची यादी द्या. "किती"मध्ये फक्त 2.5 टाकायचं, "2.5 एकर" नाही, शब्द आला की शीट त्याला अक्षरं समजते आणि बेरजेत धरतच नाही. आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका, उगाच डोक्याला ताप नको. उरलेले खाने म्हणजे तारीख, गिऱ्हाईक, काम, दर, जमा, आणि बाकी आपोआप निघेल, किती गुणिले दर वजा जमा.

गिऱ्हाइकांची यादी वेगळ्या पानावर ठेवा, नाव, गाव, मोबाईल. इथं एक फार महत्त्वाचं आहे, ॲपशीट प्रत्येक ओळीसाठी एक ओळख मागते, तिला तिथं "की" म्हणतात, आणि घाईघाईत लोक नावालाच की करून टाकतात. आपल्याकडं एका गावात एकाच नावा-आडनावाचे तीन माणसं निघतात, मग एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर दिसायला लागते आणि भांडण घरापर्यंत येते. की साठी वेगळा खाना ठेवा, त्याच्या "इनिशियल व्हॅल्यू"त, म्हणजे नवी ओळ उघडताच आपोआप भरायच्या मजकुरात, "युनिकआयडी" हे फंक्शन द्या, ते प्रत्येकाला स्वतःच वेगळा कोड लावतं. मोबाईलच्या खान्याला "फोन" हा प्रकार दिला की नावासमोर कॉलचं बटण आपोआप येतं.

नंबर लावायचं पान असं करा: गिऱ्हाईक, काम, शेत कुठं, फोन आला ती वेळ, आणि स्थिती, म्हणजे थांबलाय, उद्या, झालं. फोन आल्याबरोबर नोंद टाकायची. संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचे जे चार-पाच जण असतील त्यांना एका बटणाने व्हॉट्सॲप उघडून तयार मेसेज जाईल असं करता येतं, "उद्या सकाळी तुमचा नंबर आहे, बांधावर हजर राहा". त्यासाठी डब्ल्यूए डॉट मी ही जी व्हॉट्सॲपची लिंक असते तिच्यापुढं ९१ आणि मोबाईल नंबर जोडायचा आणि मागं मेसेज, ॲपशीटमध्ये त्याचं बटण करता येतं. मेसेज तुम्ही स्वतः पाठवता, त्यामुळं त्याचा वेगळा खर्च नाही.

ड्रायव्हरला टाईप करायला लावू नका. त्याला गिऱ्हाईक, काम आणि "कशाने" निवडायचं, एकच आकडा टाकायचा, एवढंच दिसलं पाहिजे, आणि दर व उधारी त्याच्या स्क्रीनवर दाखवायची गरज नाही. शेतात रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते आणि नेटवर्क आलं की शीटमध्ये जाते, फक्त ऑफलाइन वापराची सेटिंग आधीच चालू करून ठेवा, पेरणीच्या दिवशी शोधत बसू नका. एक हंगाम वही आणि ॲप दोन्ही सोबत चालवा. पोराला सांगा, हे काम त्याचंच आहे आणि ते ओला-उबरपेक्षा कमी दर्जाचं अजिबात नाही.

प्रश्न: आमचा महिला बचत गट आहे. हळद पूड, पापड, मुगवड्या, कुरडया करतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांकडून ऑर्डर येतात. एकांनी ऑनलाइन दुकानाची वेबसाइट बनवायचे चाळीस हजार सांगितले. गटातल्या बाया म्हणतात कर्ज काढू. काय करावं?
गटाच्या सचिव ताई, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

ताई, कर्ज काढू नका. आज ज्या ऑर्डर येतात त्या ओळखीतून येतात आणि वेबसाइट उभी केली म्हणून अनोळखी लोक आपोआप येत नाहीत, त्यांना आणायचा खर्च त्या चाळीस हजारात नसतो.

सुरुवात व्हॉट्सॲप बिझनेसपासून करा. ते २०१८ मध्ये आलेलं फुकटचं ॲप आहे आणि त्यात कॅटलॉगची सोय आहे, फोटो, वजन, किंमत टाकली की गिऱ्हाईक तिथूनच निवडून पाठवतं. गटाचं वेगळं सिम घ्या, कोणा एकीच्या घरच्या नंबरवर धंदा नको, उद्या सचिव बदलली तर गिऱ्हाईकं तिच्यासोबत जातील. चॅटला लेबलं लावता येतात, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पार्सल गेलं, रोज रात्री त्या "पैसे बाकी"वर एक नजर टाकायची. ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायचं, मात्र ध्यानात ठेवा, एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला असेल त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक पाकिटावर नंबर छापा आणि "हा नंबर सेव्ह करा, नवीन माल आला की कळवू" एवढी ओळ टाका.

पत्ता चॅटमध्ये घेऊ नका, तिथं पिनकोड राहून जातो. गूगल फॉर्म करा, नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, मोबाईल, काय पाहिजे, किती. भरलेला फॉर्म आपोआप शीटमध्ये ओळीने उतरतो, तीच तुमची पार्सलची यादी. पण फॉर्मला तुमचा साठा कळत नाही, तो संपलेल्या मालाचीही ऑर्डर घेत राहतो. कुरडया उन्हाळ्यातच होतात, वाळवणाचं काम पावसाळ्यात होत नाही, ऑगस्टमध्ये कोणी दहा किलो मागितल्या तर तुम्ही कुठून देणार? त्यामुळं गटातल्या एकीकडं साठ्याचं काम द्या, डबा रिकामा होत आला की कॅटलॉगमधून ती वस्तू तिनं लपवायची आणि फॉर्ममधूनही काढायची.

आता एक मत सांगतो, ते पटलं तर बघा. बाहेरगावी पाठवायला तुमची हळद सगळ्यात चांगली आणि कुरडई सगळ्यात अवघड. कुरडई हलकी पण जागा खाते आणि फुटते. कुरिअरवाले बहुतेक वेळा खऱ्या वजनाऐवजी जागेचं वजन धरतात, सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५०००. तीस बाय तीस बाय वीसचा खोका धरला तर ३.६ किलो होतात, आत कुरडई एकच किलो असली तरी. हळदीचं तसं नाही, एक किलोची हळद एक किलोतच जाते. कुरडया आणि मुगवड्या नागपूर, वर्धा, हिंगणघाटला येणाऱ्या-जाणाऱ्यांसोबत द्या, तिथं एखाद्या सोसायटीत एकत्र ऑर्डर घेतली तर खोकाभर माल एकदाच जातो.

तुमचा तालुका वायगावच्या हळदीचा, तिला भौगोलिक मानांकन आहे. पण पाकिटावर ते नाव आणि मानांकनाचं चिन्ह टाकायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते, कायदा १९९९ चा आहे. नोंद असलेल्या शेतकऱ्यांशी बोला, आपल्या गटालाही ती कशी मिळेल ते विचारा, त्या नावाला बाजारात किंमत आहे आणि ती तुम्हाला मिळायला पाहिजे.

कागदांचं पटकन सांगतो. खाण्याच्या वस्तू घरी करून विकल्या तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर स्वतः भरता येते, आणि तो १४ आकडी नंबर पाकिटावर छापावा लागतो. सोबत निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन. जीएसटीचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण कर लागणारा माल राज्याबाहेर पाठवला की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. पापडावर कर नाही, हळद पुडीवर ५ टक्के आहे, म्हणजे हैदराबादच्या मावशीला पापड विकता येतील, हळद विकायची तर आधी नोंदणी. सध्या नागपूर, पुणे, मुंबई एवढं गिऱ्हाईक पुष्कळ आहे.

पैसे यूपीआयनेच घ्या, गटाच्या बँक खात्याला जोडलेल्या क्यूआरवर. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर पार्सल सोडू नका, खात्यात जमा झालेलं बघूनच सोडा, खोटे स्क्रीनशॉट बनवणं आता पोरासोरांचं काम झालंय. आणि पुढं वेबसाइट केलीच तर तिचं नाव, म्हणजे डोमेन, गटाच्याच ईमेलवर घ्या. बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं तर दरवर्षी त्याच्याच दारात उभं राहावं लागेल.

प्रश्न: मी नवोदयच्या तयारीचे सराव पेपर पीडीएफमध्ये विकतो. परदेशी टूलवर साइट केली, पण महिन्याचे पैसे कार्डातून कटतच नाहीत, साइट बंद पडते. बँकेत कोणाला समजत नाही.
शिकवणी घेणारे सर, ता. मेहकर, जि. बुलढाणा

सर, यात बहुतेक दोन गोष्टी आहेत. पहिली, कार्डवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः चालू करावे लागतात. शिवाय रूपे कार्ड बऱ्याच परदेशी साइट घेतच नाहीत, व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. दुसरी, १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर आधी तुमची ई-मँडेटला, म्हणजे तसं कापायच्या ऑनलाइन परवानगीला, मंजुरी पाहिजे आणि कापायच्या २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवलं पाहिजे. नियम आपल्या भल्याचाच आहे, पण बऱ्याच परदेशी कंपन्यांची व्यवस्था आपल्या बँकेशी जुळलेली नसते, म्हणून पैसे परत जातात. जमत असेल तर वर्षाचा प्लॅन एकदाच हाताने भरा. आणि डॉलरमधल्या किमतीवर १८ टक्के जीएसटीही येतो हे धरून चाला.

खरं सांगू का, पीडीएफ विकायला तुम्हाला साइटची गरजच नाही. रेझरपेसारख्या, ऑनलाइन पैसे घ्यायची सोय देणाऱ्या भारतीय कंपनीत पेमेंट पेज तयार करता येतं, रुपयात, मराठीत मजकूर टाकून. साधारण २ टक्के फी आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०० रुपयांच्या पेपरमागं २ रुपये ३६ पैसे जातात. महिन्याच्या डॉलरपेक्षा हे परवडतं, पेपर विकला गेला नाही तर खर्चही नाही.

प्रश्न: माझं कृषी केंद्र आहे. एआयला मराठीत सांगून एका रात्रीत उधारीचं ॲप बनवलं, शेतकऱ्याचं नाव, मोबाईल, आधारचा फोटो, बाकी रक्कम सगळं त्यात आहे. लिंक तिघा-चौघा दुकानदारांना दिली, तेही वापरून राहिले. आता हे विकायला काढू का?
कृषी केंद्र चालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

थांबा. एका रात्रीत बनवलं याचं मला मनापासून कौतुक आहे, दोन वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं. पण विकायच्या आधी आज संध्याकाळी एवढं करा. घरातल्या दुसऱ्या फोनवर, लॉगिन न करता, ब्राउझरच्या इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे खासगी खिडकीत, ती लिंक उघडा. शेतकऱ्यांची नावं दिसली तर लिंक लगेच बंद करा. नाही दिसली तर दुसऱ्या दुकानदाराच्या खात्याने उघडा आणि बघा की तुमच्या गिऱ्हाइकांची उधारी त्याला दिसते का. एआयने बनवलेल्या ॲपमध्ये हीच चूक वारंवार सापडते, स्क्रीन सुंदर होते, बटणं चालतात, पण मागच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे माहिती साठते त्या जागी, "कोणाची ओळ कोणाला दिसावी" हा नियमच लावलेला नसतो. एआयला स्पष्ट सांगावं लागतं की प्रत्येक दुकानदाराला फक्त स्वतःच्या ओळी दिसल्या पाहिजेत आणि हा नियम डेटाबेसमध्ये लाव, फक्त स्क्रीनवर लपवू नको. सांगितल्यावर पुन्हा दोन फोनवर तपासायचं, त्याच्या शब्दावर विसंबायचं नाही.

आधारचे फोटो आजच काढून टाका. उधारीला आधारचा फोटो कशाला पाहिजे? नाव, गाव, मोबाईल पुरतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, कामापुरतीच माहिती घ्या आणि ती सांभाळा. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. दुकानात बसून उधारी मागणाऱ्या शेतकऱ्याची अब्रू त्या यादीत आहे. कोणाकडे किती बाकी आहे हे गावात फिरलं तर त्याच्या पोरीच्या सोयरिकीपर्यंत त्याचे परिणाम जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि रोजचा बॅकअप. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट नावाच्या टूलच्या एआयने, काही बदलू नको असं स्पष्ट सांगितलेलं असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेसच पुसून टाकला होता. मोठ्यांचं असं होतं, तर आपण दररोज दुकान बंद करताना उधारीची यादी सीएसव्ही, म्हणजे शीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाईलमध्ये उतरवून ठेवलीच पाहिजे. हे सगळं जमलं, एक पूर्ण खरीप तुमच्या एकट्याच्या दुकानात चाललं, उधारी वहीशी पैशापैशाने जुळली, की मग विका. तोवर त्या तिघा-चौघांना त्यांची माहिती त्यांच्या हाती देऊन टाका आणि त्यांचं खातं बंद करा.

प्रश्न: दादा, मी बी.ए. झालो, दोन वर्षं स्पर्धा परीक्षा दिली, आता घरी आहे. नो-कोड शिकून लोकांना ॲप बनवून द्यायचं म्हणतो. इन्स्टावर एका कोर्सची जाहिरात आहे, पंचवीस हजार, "महिन्याला लाख कमवा" म्हणतात. घ्यावा का? लॅपटॉप जुना आहे.
वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

नको घेऊ. जो महिन्याला लाखाचं आश्वासन देतो तो कोर्स विकून कमावतोय. टूल बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या शिकवण्या फुकट आहेत, यूट्यूबवर हिंदीत ढिगाने आहेत, आणि तुझा जुना लॅपटॉप पुरेसा आहे, सगळं ब्राउझरमध्येच चालतं.

तुझ्याजवळ एक गोष्ट आहे जी कोर्सवाल्याजवळ नाही. तू दोन वर्षं अभ्यासिकेत बसलास. तालुक्याच्या ठिकाणी अशा अभ्यासिका चालतात, ती चालवणाऱ्याची वही तू पाहिली असशील, कोणती सीट कोणाची, सकाळ की संध्याकाळ की पूर्ण दिवस, फी कोणत्या तारखेला संपते. पोरं फी द्यायला आठ-दहा दिवस उशीर करतात आणि मालकाला मागायला संकोच वाटतो. एक शीट, त्यावर ॲपशीट किंवा ग्लाईडने ॲप, आज ज्यांची फी संपली त्यांची यादी सकाळीच समोर, आणि एका बटणावर सभ्य भाषेतला आठवणीचा व्हॉट्सॲप मेसेज. ज्या मालकाकडं तू बसत होतास त्याच्याकडंच जा, पण बनवायच्या आधी दोन संध्याकाळ त्याच्या टेबलाजवळ बसून तो वहीत काय लिहितो, काय खोडतो ते बघ. खोडलेल्या ओळीत खरी अडचण असते. पोरगा महिन्याच्या मधातच सोडून जातो, पैसे परत मागतो, दोघं एक सीट वाटून घेतात, हे तुला कोणी सांगणार नाही, वहीतच दिसेल.

शिकायचा क्रम म्हणशील तर आधी गूगल शीट नीट शिक, फिल्टर, व्हीलूकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी माहिती शोधून आणणारं सूत्र), दोन पानं एकमेकांना जोडणं. हे कच्चं राहिलं की पुढचं सगळं कच्चं. मग एकच ॲप बनवायचं टूल, दहा टूल चाखत बसू नको. त्यानंतर एका ठिकाणी काही घडलं की दुसऱ्या ठिकाणी आपोआप नोंद व्हावी यासाठी मेक किंवा झॅपियर बघ. बबल हे ॲप बनवायचं टूल फार ताकदीचं आहे पण शिकायला वेळ लागतो, आणि त्यात बनवलेल्या ॲपचा कोड बाहेर काढता येत नाही, उद्या त्यांनी दर वाढवले तर फक्त डेटा घेऊन निघायचं आणि ॲप पुन्हा पहिल्यापासून बांधायचं.

फुकट प्लॅन पाहिला की कागदावर गुणाकार कर. समज तू एका मेसचं काम घेतलंस, ६० मेंबर, दोन वेळच्या हजेऱ्या, म्हणजे दिवसाला १२० ओळी. एअरटेबल या शीटसारख्या याद्या ठेवायच्या टूलच्या फुकट प्लॅनमध्ये एका बेसमध्ये, म्हणजे एका फाईलमध्ये, १००० ओळी बसतात, नवव्या दिवशी ते भरलं. गूगल शीटमध्ये एक कोटी चौकटी (सेल) बसतात, तिथं हीच हजेरी वर्षानुवर्षं चालेल. हा हिशोब गिऱ्हाइकाकडं जायच्या आधी झालेला असला पाहिजे, कारण नवव्या दिवशी मेसवाले काका फोन करतील तेव्हा तुझ्याजवळ उत्तर नसलं तर तालुक्यात दुसरं काम मिळायला फार वेळ लागेल.

प्ले स्टोअरचा हट्ट कोणी धरला तर समजावून सांग. खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, पण नव्या वैयक्तिक खात्याला ॲप खुलं करायच्या आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. अभ्यासिकेला याची गरज नाही, लिंक उघडून "होम स्क्रीनवर जोडा" केलं की आयकॉन दिसतो आणि काम भागतं.

पैसे घे. ओळखीचे आहेत म्हणून फुकट करून देऊ नको, फुकटची वस्तू कोणी वापरत नाही आणि तुलाही ती नीट करायची ओढ राहत नाही. बनवायचे एकदाच काही हजार, अर्धे आधी आणि अर्धे महिनाभर चालल्यावर, आणि नंतर सांभाळायचे दर महिन्याला दोनशे-तीनशे. अशा पंधरा-वीस ठिकाणांचं सांभाळायचं काम आलं की घरखर्चाला हातभार लागतो, लाख नाही होत, पण मूलमध्ये राहून होतं. शीट आणि ॲप दोन्ही मालकाच्या जीमेलवर बनव, तुझ्या नाही, स्वतःला फक्त एडिटरचा अधिकार घे. काम घ्यायच्या दिवशीच एका कागदावर लिहून दोघांनी सही करा, काय बनवणार, काय नाही, नंतर बदल सांगितला तर किती पैसे, आणि तुला तलाठी भरतीचा कॉल आला तर पासवर्ड कोणाकडं द्यायचा.